महास्फोट ठाऊक आहे, पण त्याच्या आधीचं काय?

पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत किंवा ज्योतिर्विद्या परिसंस्थेत विश्वाच्या उत्पत्तीवर भाषण झालं, की प्रश्नोत्तरांच्या वेळी कुणीतरी हमखास विचारतं, "हे सगळं ठीक आहे, पण महास्फोटाच्या आधी काय होतं?" विचारणारा कधी सातवीतला मुलगा असतो, कधी निवृत्त बँक अधिकारी. त्यावर बहुतेक वेळा ठरलेलं उत्तर मिळतं: त्याआधी काळच नव्हता, त्यामुळे 'आधी' या शब्दाला अर्थ नाही. मला हे उत्तर कधीच पुरेसं वाटलं नाही. ते चूक नाही, पण अनेक शक्यतांपैकी ती एक शक्यता आहे आणि आपण ती सिद्ध झाल्यासारखी सांगतो. प्रश्न विचारणाऱ्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. खरं तर त्याचं काहीच चुकलेलं नसतं. गेली चाळीस-पन्नास वर्षं जगातले काही फार बुद्धिमान लोक याच प्रश्नावर काम करत आहेत आणि त्यातली काही महत्त्वाची नावं आपल्या महाराष्ट्रातली आहेत.

आधी एक गुंता सोडवून घेऊ. महास्फोट म्हणून आपण जे एका दमात सांगतो, त्यात दोन वेगळे दावे आहेत. पहिला असा, की आजचं विश्व एकेकाळी अतिशय दाट आणि तप्त होतं आणि तिथून पसरत, निवत आजच्या अवस्थेला आलं. दुसरा असा, की त्या तप्त अवस्थेच्याही मागे एक शून्य क्षण होता आणि तिथे सगळ्याची सुरुवात झाली. पहिल्या दाव्यामागे भक्कम पुरावा आहे. दुसऱ्यामागे नाही. तो दावा समीकरणं उलट दिशेने ताणत नेल्यावर निघतो, आणि ती समीकरणं तिथपर्यंत ताणता येतात का, हाच मुळात वादाचा मुद्दा आहे.

पहिला दावा कशावर उभा आहे

आइन्स्टाइनच्या समीकरणांतून प्रसरण पावणारं विश्व निघू शकतं, हे रशियाच्या अलेक्झांडर फ्रीडमन यांनी 1922 साली दाखवलं. बेल्जियमचे धर्मगुरू आणि गणिती जॉर्ज लमेत्र यांनी 1927 साली त्याची सांगड प्रत्यक्ष दीर्घिकांशी, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या समूहांशी, घातली. 1929 साली एडविन हबल यांची निरीक्षणं आली: दीर्घिका जितकी लांब, तितका तिचा प्रकाश वर्णपटाच्या तांबड्या बाजूला जास्त सरकलेला. यालाच ताम्रसृती म्हणतात. दोन दीर्घिकांमधलं अवकाशच वाढत चाललंय आणि वाटेतल्या प्रकाशाची तरंगलांबीही त्याबरोबर वाढतेय, असा त्याचा अर्थ. आजचा वेग दर 33 लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला साधारण 70 किलोमीटर आहे. नेमका आकडा 67 की 73, यावर सध्या जोरात वाद चालू आहे आणि तो लवकर मिटेल असं दिसत नाही.

इथे लगेच दुसरा प्रश्न येतो, "स्फोट झाला कुठे?" तर सगळीकडे. आज स्वारगेट आहे तिथेही आणि देवयानी दीर्घिका आहे तिथेही. रिकाम्या पोकळीत एका बिंदूपाशी काहीतरी फुटलं आणि त्याचे तुकडे बाहेर उडाले, हे चित्र मनातून काढून टाकायला हवं. तशी बाहेरची पोकळी नव्हती आणि केंद्रही नव्हतं. "सगळं विश्व एका टिंबाएवढं होतं" हे वाक्यही सैल आहे. टिंबाएवढा होता तो आज आपल्याला दिसू शकणारा भाग. संपूर्ण विश्व किती मोठं आहे, ते सांत आहे की अनंत, हे वेगळं प्रकरण आहे.

मागे मागे जात हिशेब केला की तप्त अवस्थेचा काळ सुमारे 1380 कोटी वर्षांपूर्वीचा निघतो. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वराचं लेणं ज्या काळ्या पाषाणात कोरलंय, तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. पृथ्वी सुमारे 454 कोटी वर्षांची. म्हणजे विश्वाच्या वयाच्या जेमतेम एक तृतीयांश काळ पृथ्वी अस्तित्वात आहे.

आता पुराव्यातला सगळ्यात देखणा भाग. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या होमडेल इथे आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन हे दोघे 1964 साली एका मोठ्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनावर काम करत होते. अँटेनामध्ये सतत एक बारीक खरखर येत होती. ती न्यूयॉर्क शहराकडून येत नव्हती, सूर्याकडून नाही, आकाशगंगेच्या पट्ट्यातूनही नाही. अँटेनात कबुतरांनी घरटं केलं होतं. ते काढलं, विष्ठा खरवडून साफ केली, सांधे नीट केले. खरखर तशीच. आकाशाच्या कुठल्याही दिशेला वळवा, दिवस असो वा रात्र, उन्हाळा असो वा हिवाळा, तीव्रता तीच. जवळच प्रिन्स्टनमध्ये रॉबर्ट डिकी यांचा गट नेमकं असंच प्रारण शोधण्याची तयारी करत होता. दोन्ही गटांचं बोलणं झालं आणि उलगडा झाला, की ही विश्वाच्या तप्त अवस्थेतून उरलेली ऊब आहे. राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी 1948 सालीच असं प्रारण असायला हवं असं भाकीत करून ठेवलं होतं, पण ते जवळपास सगळे विसरून गेले होते. पेन्झियस आणि विल्सन यांना 1978 साली नोबेल मिळालं.

ही ऊब आज शून्याखाली 270 अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, नेमकं सांगायचं तर 2.725 केल्व्हिन. अवकाशाच्या दर घन सेंटीमीटरमध्ये या प्रारणाचे सुमारे 411 फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, कायम असतात. ते निघाले तेव्हा विश्वाचं वय सुमारे 3 लाख 80 हजार वर्षं होतं आणि तापमान 3000 केल्व्हिन. त्याआधी इलेक्ट्रॉन मोकळे फिरत होते आणि प्रकाश त्यांच्यावर आपटून इकडेतिकडे विखुरला जायचा. सगळं विश्व अपारदर्शक होतं. 3000 केल्व्हिनला इलेक्ट्रॉन अणूंमध्ये बांधले गेले आणि प्रकाशाला वाट मोकळी झाली. म्हणून प्रकाशाच्या, रेडिओ लहरींच्या किंवा क्ष-किरणांच्या कुठल्याही दुर्बिणीने आपल्याला याच्या पलीकडचं थेट दिसत नाही. पुढे 'आधी काय' असं विचारताना ही भिंत लक्षात ठेवायला हवी.

पण या भिंतीवर खुणा आहेत. 1989 साली सोडलेल्या कोबी, 2001 च्या डब्ल्यूमॅप आणि 2009 च्या प्लँक या उपग्रहांनी आकाशभर या प्रारणाचं तापमान मोजलं. ते सगळीकडे सारखं आहे, फरक फक्त लाखात एक भागाचा. या फरकांमध्ये एक ठेका सापडतो. त्या तप्त वायूमध्ये दाब आणि गुरुत्वाकर्षण यांच्या ओढाताणीतून ध्वनिलहरी पसरत होत्या आणि प्रकाश मोकळा झाला त्या क्षणी त्या जिथे होत्या, तिथेच त्यांची छाप उमटली. गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. जाणता वादक डोळे मिटून नुसत्या आवाजावरून सांगतो, की ढोल केवढा आहे, पान किती ताणलंय आणि कुठला ढोल उतरलाय. शास्त्रज्ञांनी या लहरींवरून तेच केलं. त्यांचा मूळ सूर आकाशात साधारण एक अंशाच्या ठिपक्यांच्या रूपात दिसतो, पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या दुप्पट. त्यावरून अवकाशाची वक्रता जवळपास शून्य असल्याचं कळलं. वरच्या सुरांवरून कळलं, की आपल्या ओळखीचं द्रव्य विश्वात जेमतेम 5 टक्के आहे, अदृश्य द्रव्य 27 टक्क्यांच्या आसपास, आणि उरलेली 68 टक्के ऊर्जा कसली आहे ते अजून नीट उमगलेलं नाही.

हेलियमचा पुरावा थोडक्यात सांगतो, कारण तो सरळ आहे. पहिल्या काही मिनिटांत विश्व अणुकेंद्रं जुळण्याइतकं तप्त होतं. तेव्हा वजनाने साधारण चौथा हिस्सा हेलियम आणि उरलेला बहुतेक हायड्रोजन तयार व्हायला हवा, असं गणित सांगतं. जुन्या, कमी मिसळ झालेल्या वायूमध्ये मोजलं तर तेवढाच सापडतो. खडकवासल्याहून तुमच्या नळाला येणाऱ्या पाण्यातल्या हायड्रोजनची अणुकेंद्रं त्याच काळातली आहेत.

पुण्यातला विरोधी आवाज

या विषयावर मराठीत लिहायचं आणि जयंत नारळीकरांना बाजूला ठेवायचं, हे होणार नाही. आयुकाचे ते संस्थापक संचालक; 1988 साली संस्था स्थापन झाली आणि पुणे विद्यापीठाच्या आवारात चार्ल्स कोरियांनी आखलेली काळ्या दगडाची ती वास्तू उभी राहिली. तिथेच मुलांसाठी पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या मदतीतून 'पुलस्त्य' ही विज्ञान शोधिका आहे. महाराष्ट्रातल्या कित्येक मुलांना विश्वाबद्दलचा पहिला धडा नारळीकरांकडून मिळाला. आणि नारळीकर स्वतः महास्फोट मानत नव्हते!

केंब्रिजमध्ये त्यांचे गुरू फ्रेड हॉयल. 'बिग बँग' हे नाव हॉयल यांनीच 1949 साली बीबीसीवरच्या भाषणात वापरलं, तेही प्रतिस्पर्धी कल्पनेचं वर्णन करताना. हॉयल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांचा स्थिर स्थिती सिद्धांत 1948 चा: विश्व पसरतं, पण पसरताना होणाऱ्या मोकळ्या जागेत अगदी सावकाश नवं द्रव्य निर्माण होतं, त्यामुळे एकूण चित्र कायम तेच राहतं. सुरुवात नाही, शेवट नाही. नारळीकरांचा आक्षेप मुळाला हात घालणारा होता. शून्य क्षणी सगळं द्रव्य आणि सगळी ऊर्जा एकदम अवतरली असं म्हणायचं आणि त्या क्षणाला भौतिकशास्त्राचे नियम लागू होत नाहीत असंही म्हणायचं, याला स्पष्टीकरण कसं म्हणावं? द्रव्यनिर्मिती ही विज्ञानाने समजावून देण्याची गोष्ट आहे आणि तिच्यासाठी समीकरणांत जागा हवी, अशी त्यांची भूमिका होती. 1993 साली हॉयल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासोबत त्यांनी सुधारित सिद्धांत मांडला. त्यात विश्व अनादी आहे, हजारो कोटी वर्षांच्या चक्रांत आकुंचन-प्रसरण पावतं आणि छोट्या छोट्या निर्मिती-घटनांतून द्रव्य येत राहतं.

पुरावा त्यांच्या बाजूने गेला नाही. कोबीने मोजलेला प्रारणाचा आलेख सैद्धांतिक वक्रावर तंतोतंत बसला. पुढे त्या ध्वनिलहरींचे सूर एकामागून एक सापडत गेले आणि तप्त, दाट भूतकाळाशिवाय ते समजावणं फार अवघड झालं. माझ्या मते पहिल्या दाव्यावरचा वाद इथे संपला. पण नारळीकरांचा मूळ आक्षेप दुसऱ्या दाव्यावर होता, आणि तिथे ते एकटे नाहीत. शून्य क्षण हे उत्तर नसून उत्तराचा अभाव आहे, असं आज बहुतेक सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ मान्य करतील. 20 मे 2025 रोजी नारळीकर पुण्यात गेले. त्यांच्याबद्दल बोलताना "त्यांचा सिद्धांत चुकला" एवढंच म्हणून थांबणाऱ्यांना मला सांगावंसं वाटतं, की प्रचलित मताला शेवटपर्यंत गणित घेऊन सामोरा जाणारा माणूस कुठल्याही विद्याशाखेला लाभतो तेव्हा ती शाखा नशीबवान असते.

शून्य क्षणाशी नेमकं काय बिघडतं

1955 साली कोलकात्यात अमलकुमार रायचौधुरी यांनी एक समीकरण मांडलं. द्रव्य गुरुत्वाने एकमेकांकडे खेचलं जातं तेव्हा कणांच्या वाटा कशा जवळ येत जातात, हे ते सांगतं. त्याच समीकरणाच्या आधाराने रॉजर पेनरोज यांनी 1965 साली कृष्णविवरांसाठी, आणि पुढे स्टीफन हॉकिंग यांच्यासह विश्वासाठीही दाखवलं, की काही साध्या अटी मान्य केल्या तर भूतकाळाकडे जाणाऱ्या वाटा कुठेतरी तुटणारच. या तुटण्याच्या जागेला सिंग्युलॅरिटी म्हणतात. तिथे घनता अनंत, तापमान अनंत.

अनंत उत्तर आलं की भौतिकशास्त्रात सहसा एकच अर्थ घेतात: वापरलेला सिद्धांत त्याच्या हद्दीबाहेर गेला. इथे हद्द कुठे आहे तेही आपल्याला ठाऊक आहे. आइन्स्टाइनचा सामान्य सापेक्षतावाद गुरुत्वाकर्षण सांगतो, पण सूक्ष्म कणांच्या जगाचे पुंज (क्वांटम) नियम त्यात नाहीत. विश्वाचं वय सेकंदाचा एकावर 43 शून्यं इतक्यावा भाग होतं, तेव्हा दोन्ही एकाच वेळी लागू व्हायला हवेत, आणि दोन्ही एकत्र करणारा पडताळलेला सिद्धांत आपल्याकडे नाही. म्हणजे "शून्य क्षणी काय झालं" याचं प्रामाणिक उत्तर असं: शून्य क्षण होता की नाही, हेच ठरलेलं नाही.

दरम्यान आणखी एक पायरी आहे आणि ती बरीच पक्की होत आली आहे. आकाशाच्या दोन विरुद्ध टोकांचं तापमान सारखं का? साध्या प्रसरणाच्या हिशेबात त्या दोन भागांना एकमेकांशी संपर्क यायला वेळच मिळाला नव्हता. अ‍ॅलन गुथ यांनी 1980-81 च्या सुमारास सुचवलं, आणि त्याच काळात रशियात अलेक्सी स्टारोबिन्स्की यांनीही वेगळ्या वाटेने मांडलं, की अगदी आरंभी क्षणार्धात विश्व प्रचंड वेगाने फुगलं. याला इन्फ्लेशन म्हणतात. आधी शेजारी असलेले भाग त्यामुळे एकमेकांपासून फार दूर फेकले गेले. फुगताना निर्वात अवकाशातली सूक्ष्म पुंज-थरथर ताणली गेली आणि तीच पुढे दीर्घिकांची बीजं झाली. लहान-मोठ्या प्रमाणांवर ही थरथर जवळपास सारखी पण किंचित कलती असावी, असं त्यातून निघतं. प्लँकने तो कल मोजला: तंतोतंत 1 (म्हणजे अजिबात कल नाही) असं नाही, सुमारे 0.965. मला हा आकडा फार मोलाचा वाटतो.

आणि इथे ठरलेल्या उत्तराला पहिला तडा जातो. इन्फ्लेशन झालं असेल तर ते तप्त अवस्थेच्या *आधी* झालं. फुगणं थांबलं तेव्हा त्यातली ऊर्जा कणांमध्ये उतरली आणि विश्व तापलं. म्हणजे जिला आपण महास्फोटाची आग म्हणतो, तिच्या आधी काय होतं याचं निदान एक उत्तर आज पाठ्यपुस्तकांत आहे. प्रश्न फक्त एक पायरी मागे सरकला.

त्याही मागे

यापुढचं सगळं अंदाजाच्या प्रांतातलं आहे. पण हे अंदाज गणिताला बांधलेले आहेत.

काळालाच सुरुवात होती, हे त्यातलं एक उत्तर. जेम्स हार्टल आणि हॉकिंग यांनी 1983 साली मांडलं, की अगदी आरंभाजवळ काळ हा काळासारखा वागत नाही, अवकाशाच्या आणखी एका दिशेसारखा वागतो. तसं असेल तर उत्तर ध्रुवाच्या उत्तरेला काय आहे, हे जसं विचारता येत नाही, तसंच 'आधी' विचारता येत नाही. भाषणांत मिळणारं ठरलेलं उत्तर याच कल्पनेतून आलंय. सुंदर कल्पना आहे, पण कल्पनाच. अलेक्झांडर विलेन्किन यांनी 1982 साली विश्व 'काहीच नाही' अशा अवस्थेतून पुंज-उडी मारून अवतरू शकतं असं दाखवलं. हे ऐकून लोक विचारतात, एवढी ऊर्जा आली कुठून? त्यावर एक उत्तर असं, की गुरुत्वाकर्षणाची ऊर्जा ऋण असते आणि बंदिस्त विश्वात धन-ऋण मिळून बेरीज शून्य होऊ शकते. गणिताने हे चालतं. तरी त्यातलं 'काहीच नाही' खरोखर रिकामं नाही. तिथे पुंज नियम गृहीत धरलेले आहेत. ते नियम कुठून आले, हा प्रश्न शिल्लक राहतोच आणि तो लपवू नये.

इन्फ्लेशन एकदा सुरू झालं की सगळीकडे एकदम थांबत नाही, काही भागांत चालूच राहतं आणि आपलं विश्व म्हणजे थांबलेला एक तुकडा, असंही एक चित्र आहे. मग आपल्या आधी काय, तर तेच फुगणारं अवकाश. पण ते मागे अनंत काळ चालू असू शकतं का? अरविंद बोर्डे, गुथ आणि विलेन्किन यांनी 2003 साली दाखवलं, की सरासरीने प्रसरण पावत आलेल्या विश्वाच्या वाटा भूतकाळात कुठेतरी संपतातच. त्यामुळे फक्त इन्फ्लेशनवर भागत नाही.

आता धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरकडे. अभय अष्टेकर यांचा जन्म तिथला, 1949 चा. 1986 साली त्यांनी आइन्स्टाइनची समीकरणं नव्या चलांमध्ये लिहिली आणि त्यातून लूप क्वांटम ग्रॅव्हिटी ही शाखा वाढली. तिचा गाभा असा, की अवकाश कितीही बारीक चिरता येत नाही. क्षेत्रफळाला एक लहानात लहान माप आहे; त्याखाली 'अर्धं क्षेत्रफळ' असं काही उरत नाही. हे माप इतकं लहान आहे, की अणूसुद्धा त्याच्यापुढे अवाढव्य वाटावा, त्यामुळे रोजच्या व्यवहारात अवकाश सलगच भासतं. पण विश्व त्या मापाच्या जवळ दाबलं गेलं की चित्र बदलतं. 2006 साली अष्टेकर, टोमाश पाव्लोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांनी विश्वाचं एक सोपं प्रारूप घेऊन काळ उलटा चालवला. आइन्स्टाइनच्या हिशेबात घनता वाढत अनंताला जायला हवी होती. इथे ती एका कमाल आकड्यापाशी, प्लँक घनतेच्या (जिथे गुरुत्व आणि पुंज नियम दोन्ही लागतात त्या टोकाच्या घनतेच्या) सुमारे 0.41 पटीपाशी अडली. त्या घनतेला पुंज परिणामांमुळे गुरुत्वाकर्षण खेचायचं सोडून ढकलायला लागतं. गणना तुटली नाही, पलीकडे गेली. पलीकडे होतं एक आकुंचन पावणारं विश्व. त्याने उसळी घेतली आणि आपलं प्रसरण सुरू झालं.

म्हणजे इथे 'आधी' या शब्दाला सरळ अर्थ आहे. मर्यादाही सांगायला हव्यात: हे गणित सर्व दिशांना सारख्या असलेल्या सोप्या विश्वाचं आहे, आणि पूर्ण सिद्धांत अजून पुरा झालेला नाही. पण ज्या समीकरणांनी पूर्वी नुसतं 'अनंत' म्हणून हात टेकले, तिथे एक ठोस, तपासता येण्याजोगा आकडा आला, हे मला फार मोठं वाटतं.

उसळी एकदा शक्य असेल तर पुन्हा पुन्हा का नाही? पॉल स्टाइनहार्ट आणि नील टुरॉक यांनी 2002 साली चक्रीय विश्वाचं प्रारूप मांडलं, पेनरोज यांचंही स्वतःचं एक आहे. या सगळ्यांना एक अडचण आडवी येते आणि ती बरीच जुनी आहे. अव्यवस्था, म्हणजे एन्ट्रॉपी, वाढतच जाते. 1930 च्या दशकात रिचर्ड टोलमन यांनी दाखवलं होतं, की प्रत्येक चक्रात ती साठत जाते आणि पुढचं चक्र आधीच्यापेक्षा मोठं होतं. उलट मागे गेलं तर चक्रं लहान लहान होत पुन्हा एका सुरुवातीपाशीच येतात. आपल्या विश्वाची सुरुवात मात्र विलक्षण व्यवस्थित होती. म्हणून तर आपल्याला काळ एकाच दिशेने वाहताना दिसतो. ती इतकी व्यवस्थित का होती? मला विचाराल तर 'आधी काय होतं' यापेक्षाही हा प्रश्न खोल आहे. आधीच्या विश्वाची कथा सांगणाऱ्या प्रत्येकाने याचं उत्तर द्यायला हवं, आणि मनाला पूर्ण पटेल असं अजून कुणी दिलेलं नाही.

मग ठरणार कसं?

प्रकाशाने ती भिंत ओलांडता येत नाही, पण गुरुत्वीय लहरींना अपारदर्शक वायू अडवत नाही. इन्फ्लेशन झालं असेल तर तेव्हाच्या लहरींनी त्या उरलेल्या प्रारणाच्या ध्रुवीकरणात, म्हणजे त्याच्या लहरींच्या कंपनाच्या दिशेत, एक विशिष्ट पिळाची नक्षी सोडली असेल. मार्च 2014 मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-2 या प्रयोगाने ती सापडल्याचं जाहीर केलं. जगभर बातम्या झाल्या. 2015 च्या सुरुवातीला प्लँकच्या मोजणीशी ताडून पाहिल्यावर कळलं, की ती आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीची करामत होती. शोध चालूच आहे. उसळी किंवा चक्राच्या काही प्रारूपांमध्ये ही नक्षी जवळजवळ नसायला हवी, म्हणून ती सापडणं जितकं बोलकं, तितकंच खूप बारकाईने शोधूनही न सापडणं.

दुसरी वाट पुण्याहून ऐंशीएक किलोमीटरवर आहे. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. 14 मध्यभागी, उरलेल्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर पंचवीसएक किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. जवळ जाऊन पाहिलं तर त्या भरीव दिसत नाहीत. बारीक पोलादी तारांची जाळी आहे, तिच्यातून आभाळ आरपार दिसतं. रेडिओ लहरी मीटरभर लांबीच्या असल्यामुळे त्यांना ही जाळी भरीव आरशासारखीच वागते, आणि वाराही तिच्यातून निघून जातो. दर 28 फेब्रुवारीच्या सुमारास विज्ञान दिनाला जुन्नर-आंबेगावच्या शाळांतली मुलं तिथे येतात.

या दुर्बिणीने 150 मेगाहर्ट्झच्या आसपास, पहिल्या ताऱ्यांच्या काळातल्या हायड्रोजनचा संकेत शोधून पाहिला. संकेत हाती आला नाही, पण तो जास्तीत जास्त किती असू शकतो याची मर्यादा घालता आली. आपल्या प्रश्नाच्या आणखी जवळचं काम स्पंदकांचं आहे. स्पंदक हे अतिशय नियमित ठोके देणारे मृत तारे. अवकाशातून वर्षानुवर्षं लांबीची गुरुत्वीय लहर गेली, तर त्यांचे ठोके अगदी किंचित पुढेमागे होतात, आणि वेगवेगळ्या स्पंदकांमध्ये त्या फरकाची ठरावीक संगती दिसते. जून 2023 मध्ये अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया आणि चीनमधल्या गटांनी अशा लहरींच्या सर्वव्यापी गुणगुणीचा पुरावा मांडला. युरोपच्या गटासोबत भारत-जपानचा गट होता आणि त्याची मोजणी खोडदची होती.

ही गुणगुण बहुधा दीर्घिकांच्या केंद्रांतल्या महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांची आहे. सध्याचा कौल तिकडे आहे. पण विश्वाच्या अगदी आरंभीच्या घडामोडींचा वाटा त्यात अजून नाकारता आलेला नाही. दोन्हींचा सूर वेगळा असायला हवा: कमी कंपनसंख्येला किती जोर, जास्तीला किती, यावरून ते वेगळे ओळखता येतील. त्यासाठी त्याच स्पंदकांचे ठोके आणखी कित्येक वर्षं मोजत राहावे लागतील, आणि खोडदला ते मोजणं चालू आहे.